इंजिनाआधी रेखाटलेलं विमान

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचं मेसरश्मिट २६२ हे जेट लढाऊ विमान उडण्याआधीच अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीकडे त्याहून वेगवान जेटचा आराखडा तयार होता आणि तिथल्या लष्कराने तो नाकारला, असं वाचनात आलं. हे खरं आहे का? खरं असेल तर का नाकारला? आणि ते विमान झालं असतं तर युद्ध लवकर संपलं असतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आराखडा होता, हे खरं आहे. त्याचं नाव एल-१३३. लॉकहीडने तो ३० मार्च १९४२ रोजी अमेरिकी लष्कराच्या हवाई दलापुढे रीतसर ठेवला आणि हवाई दलाने तो काळाच्या फार पुढचा म्हणून बाजूला सारला. मेसरश्मिट २६२ केवळ जेट इंजिनांवर पहिल्यांदा उडालं ते १८ जुलै १९४२ला. तेव्हा नुसत्या तारखा पाहिल्या तर तुम्ही वाचलेलं बरोबर ठरतं. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की एक मोठा फरक झाकला जातो. जर्मनीचं विमान धावपट्टी सोडून उडालं होतं. लॉकहीडचं कागदावर होतं, आणि ते ज्या इंजिनावर उडणार होतं ते इंजिनही कागदावरच होतं.

ही कथा बहुतेक ठिकाणी ‘दूरदृष्टी असलेले अभियंते आणि डोळे मिटून बसलेले सेनाधिकारी’ अशी सांगितली जाते. मला ती तशी पटत नाही. विमान नाकारण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता. चूक झाली ती दुसरीकडे, इंजिनाच्या बाबतीत. ते नीट कळण्यासाठी हा आराखडा मुळात का काढावा लागला तिथून सुरुवात करू.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ बर्बँक नावाचं गाव आहे. तिथे लॉकहीडचा कारखाना होता आणि १९३९च्या जानेवारीत तिथल्या अभियंत्यांचं पी-३८ हे दोन इंजिनांचं, दोन शेपट्यांचं लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं. ताशी ४०० मैलांचा, म्हणजे साधारण ६४० किलोमीटरचा टप्पा गाठणाऱ्या पहिल्या अमेरिकी लढाऊ विमानांत ते होतं. त्यामागचं डोकं क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सन यांचं, आणि त्यांचे वरिष्ठ हॉल हिबर्ड. पण वेग वाढला तसं एक नवंच संकट समोर आलं. उंचावरून सूर मारताना हे विमान जोरजोरात थरथरू लागे, नाक आणखी खाली जाई आणि वैमानिकाने दांडा कितीही ओढला तरी ते वर येत नसे. पंखावरून वळसा घेऊन जाणारी हवा काही जागी ध्वनीच्या वेगापर्यंत पोचत होती आणि तिथे दाबाच्या लाटा उठत होत्या. विमान स्वतः त्या वेगाच्या बरंच मागे असताना हे घडत होतं. ४ नोव्हेंबर १९४१ रोजी लॉकहीडचे चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डन अशाच चाचण्यांत पी-३८ची शेपटी तुटून मरण पावले.

पंखांची ही गत, तर प्रोपेलरची आणखी वाईट. प्रोपेलरचं पातं गोल फिरतं आणि विमानाबरोबर पुढेही जातं, म्हणून त्याच्या टोकाचा वेग विमानापेक्षा कितीतरी जास्त असतो. विमान ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास पोचलं की पात्याची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडतात आणि इंजिनाची ताकद पुढे ढकलण्याऐवजी हवा घुसळण्यात वाया जाते. इंजिन आणखी मोठं करावं, तर त्याचं वजन नव्या ताकदीला खाऊन टाकतं. पिस्टन इंजिनाचा रस्ता कुठे संपतो हे ज्यांनी सगळ्यात आधी प्रत्यक्ष पाहिलं त्यांत बर्बँकची ही मंडळी होती. म्हणून १९३९पासूनच, पी-३८ नुकतं उडायला लागलं असताना, फिल कोलमन, विलिस हॉकिन्स आणि जॉन्सन यांनी प्रोपेलर नसलेल्या विमानाची रेखाटनं सुरू केली. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल आणि जर्मनीत हान्स फोन ओहाइन जेट इंजिनावर काय काम करत होते, याची कसलीही बातमी त्यांच्या हाती नव्हती.

इंजिनाची बाजू नेथन प्राइस यांच्याकडे आली. हे गृहस्थ वाफेवरचे. डोबल या वाफेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी काम केलं होतं आणि १९३३ साली ओकलंडला बेस्लर बंधूंनी जे विमान खरोखर वाफेच्या इंजिनावर उडवून दाखवलं, त्या इंजिनाच्या कामातही त्यांचा हात होता. पुढे ते टर्बाइनकडे वळले आणि स्वतःच्या कल्पनेने जेट इंजिन आखू लागले. त्याला लॉकहीडने नाव दिलं एल-१०००. वाफेच्या यंत्रावर वाढलेला माणूस उष्णतेचा एकही कण वाया जाऊ देत नाही, आणि त्यांच्या इंजिनात तो स्वभाव जागोजाग दिसतो.

जेट इंजिनाचं तत्त्व सोपं आहे. समोरून हवा आत घ्यायची, कॉम्प्रेसरने दाबायची, तीत इंधन जाळायचं, तापून फुगलेला वायू मागे सोडायचा आणि जाता जाता त्याच्याकडूनच एक टर्बाइन फिरवून घ्यायचं, जे पुढचा कॉम्प्रेसर फिरवतं. हवा जितकी जास्त दाबाल तितकं इंधन कामी येतं. व्हिटल यांनी त्यासाठी केंद्रापासून बाहेर हवा फेकणारं एकच मोठं चाक वापरलं. ते दणकट आणि बनवायला सोपं होतं, पण रुंद होतं आणि त्याने दाब मर्यादित मिळे. प्राइस यांनी पात्यांच्या रांगांमागून रांगा लावून हवा सरळ रेषेत दाबत नेणारा कॉम्प्रेसर निवडला, आणि तोही दोन टप्प्यांत विभागलेला. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं हे सगळ्यांना माहीत आहे. दाबली की हवा गरम होते आणि गरम हवा पुढे दाबायला जास्त जोर लागतो. म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये हवा थंड करून घेण्याची सोय त्यांनी ठेवली. आज मोठ्या प्रवासी विमानांची इंजिनंही पात्यांच्या रांगांची आणि टप्प्याटप्प्यांची असतात. प्राइस यांची दिशा अचूक होती, याबद्दल मला तरी शंका नाही.

अशी दोन इंजिनं पोटात बसवून एल-१३३ उडायचं होतं. विमानाकडे पाहिलं तर ते १९४२चं वाटत नाही. हवा घेणारं तोंड थेट नाकात आणि चार २० मिलिमीटर तोफाही नाकातच. शेपटीजवळचे आडवे पंख काढून ते पुढे, वैमानिकाच्या बाजूला आणलेले. मुख्य पंख मागे, आणि ते धडाला वेगळे जोडल्यासारखे न दिसता धडातूनच पसरल्यासारखे. नेहमीच्या ॲल्युमिनियमऐवजी सांगाडा आणि कवच स्टेनलेस स्टीलचं. पुढे छोटे पंख असलेलं विमान पाहायचं असेल तर आपल्याला लांब जायला नको. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जुळवलेली सुखोई-३० एमकेआय विमानं नीट पाहा, वैमानिकाच्या मागे, मुख्य पंखांच्या पुढे ते छोटे पंख दिसतील.

एल-१३३चा अपेक्षित वेग होता ताशी ६०० मैलांच्या वर, म्हणजे हजार किलोमीटरच्या घरात. पल्ला मात्र तोकडा होता. या तोकड्या पल्ल्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

आता त्या तारखेकडे येऊ. ३० मार्च १९४२. त्या दिवशी अमेरिकेत बनलेलं एकही जेट इंजिन अजून चालू झालेलं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात पहिलं अमेरिकी जेट इंजिन सुरू झालं ते १८ एप्रिल १९४२ला. तेही मुळात अमेरिकी आराखड्याचं नव्हतं. १९४१च्या वसंतात हवाई दलाचे प्रमुख जनरल हेन्री अर्नोल्ड ब्रिटनला गेले असताना त्यांना व्हिटल यांचं काम पाहायला मिळालं. त्यांनी तिथेच ठरवलं की हे इंजिन आपल्याला हवं. १ ऑक्टोबर १९४१ रोजी एका बी-२४ बॉम्बफेकी विमानाच्या पोटात घालून व्हिटल यांचं एक इंजिन आणि नकाशे अटलांटिकपार आणले गेले. जनरल इलेक्ट्रिकने त्यावरून जे इंजिन बनवलं त्याचा रेटा होता सुमारे ५७० किलोंचा.

प्राइस यांचं एल-१००० किती रेटा देणार होतं? सुमारे २,३०० किलोंचा.

हे दोन आकडे नाकारण्याचं अर्धं कारण सांगून जातात. हाती असलेल्या इंजिनाच्या चौपट रेटा, कधीही न चाललेल्या यंत्रातून. जर्मनीचं युमो ००४, जे पुढे मेसरश्मिट २६२ला बसलं, ते सुमारे ९०० किलोंवर थांबलं. ब्रिटिश गोब्लिन सुरुवातीला अकराशेच्या आसपास होतं. म्हणजे या तिन्ही इंजिनांपैकी कुठल्याही इंजिनाच्या दुपटीहून जास्त रेटा लॉकहीड १९४२च्या मार्चमध्ये कागदावर मांडत होती. आकडेमोडीत खोट होती असं मी म्हणत नाही. पण टर्बाइनची पाती लालबुंद तापून मिनिटाला हजारो फेरे घेतात, तेव्हा ती ताणली जातात, तडकतात, गळतात, आणि हे आकडेमोडीत कळत नाही, भट्टीत आणि चाचणीच्या फलाटावर कळतं. युमोच्या इंजिनाला निकेल आणि क्रोमियमच्या तुटवड्यामुळे हलक्या प्रतीची पोलादं वापरावी लागली आणि ते दहा ते पंचवीस तासांत काढून टाकावं लागे.

विमान तयार असून इंजिन नसलं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण तुमच्या प्रश्नातलं मेसरश्मिट २६२च आहे. ते पहिल्यांदा हवेत गेलं १८ एप्रिल १९४१ला, नाकावर एक पिस्टन इंजिन आणि प्रोपेलर लावून, कारण जेट इंजिनं आलीच नव्हती. २५ मार्च १९४२ रोजी बीएमडब्ल्यूची दोन जेट इंजिनं बसवून वैमानिक फ्रिट्स वेंडल उडाले आणि उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनं बंद पडली. नाकावरचं ते जुनं पिस्टन इंजिन सुदैवाने काढलेलं नव्हतं, त्याच्या जोरावर ते कसेबसे उतरले. लढाईत हे विमान आलं १९४४मध्ये. हिटलरने त्याला बॉम्बफेकी करायला सांगितलं म्हणून उशीर झाला, हे आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्याचा अंश आहे, पण खरा वेळ इंजिनाने खाल्ला.

नाकारण्याचं उरलेलं अर्धं कारण विमानाच्या आकारात होतं. पुढे छोटे पंख, दाबाच्या लाटांच्या प्रदेशातला वेग, स्टेनलेस स्टीलची बांधणी, नवं इंजिन. यांतली एक गोष्ट नवी असती तरी चाचणीला एक-दोन वर्षं लागली असती, इथे सगळ्याच नव्या होत्या. अशा रचनेचा धोका किती खरा होता ते कर्टिस कंपनीने लवकरच अनुभवलं. तिचं एक्सपी-५५ असेंडर हे पुढे छोटे पंख असलेलं विमान १९४३च्या जुलैमध्ये उडालं. नोव्हेंबरात, वेग कमी करून विमान कुठे कोसळायला लागतं हे पाहताना, ते उलटं झालं आणि सरळ होईना. वैमानिकाने छत्रीने उडी घेतली म्हणून ते वाचले. तेही साधं पिस्टन इंजिनाचं विमान होतं. हजार किलोमीटरच्या वेगाला असं काही घडलं असतं तर उडी मारण्याचीही सोय नव्हती, स्फोटाने बाहेर फेकणारी आसनं तेव्हा अमेरिकी विमानांत नव्हतीच.

म्हणून विमान नाकारलं यात मला चूक दिसत नाही. पण इंजिन? तिथे हवाई दलाने हातचं सोडलं असं मला वाटतं. प्राइस यांच्या इंजिनाच्या संशोधनासाठी करार मिळाला तो जुलै १९४३मध्ये, आणि इंजिनाला सरकारी नाव मिळालं एक्सजे-३७. तोवर सव्वा वर्ष गेलं होतं. गुप्ततेनेही घात केला. व्हिटल यांचं इंजिन देशात आलं आहे हे बेल या दुसऱ्या विमान कंपनीला सांगितलं गेलं, लॉकहीडला नाही. म्हणजे ज्या अभियंत्यांनी दोन वर्षं आपणहून जेटचा अभ्यास केला होता, तेच अंधारात राहिले. त्याआधी १९४०मध्ये अमेरिकी विज्ञान अकादमीच्या एका समितीने गॅस टर्बाइन विमानाला फार जड पडेल असा निष्कर्ष काढला होता, त्याचीही छाया कागदांवर असणारच. युद्ध संपलं तरी एक्सजे-३७ विमानाला बसवण्याजोगं झालं नाही. लॉकहीडने ते मेनास्को कंपनीकडे सोपवलं, मग ते राइट कंपनीकडे गेलं आणि तिथेच थांबलं. इंजिन करायला विमानापेक्षा जास्त वर्षं लागतात, म्हणून पैसा आधी इंजिनाला लागतो. हे १९४२मध्ये कुणी ओळखलं असतं, तर १९४६-४७ला तरी अमेरिकेकडे स्वतःचं उत्तम दुहेरी टप्प्याचं इंजिन असतं.

बेल कंपनीने काय केलं तेही सांगायला हवं, कारण अमेरिकेचं पहिलं जेट तिचं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका फोर्ड मोटारींच्या विक्रेत्याच्या इमारतीत, खिडक्या झाकून, एक्सपी-५९ए एअराकॉमेट जुळवलं गेलं. रेल्वेने ते कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेलं, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून त्याच्या नाकावर खोटा लाकडी प्रोपेलर लावला होता. १ ऑक्टोबर १९४२ रोजी रॉबर्ट स्टॅन्ली यांनी ते उडवलं. बेलचे दुसरे वैमानिक जॅक वुलॅम्स यांची कथा म्युरॉकला अजून सांगतात. जवळपास सराव करणाऱ्या पी-३८च्या वैमानिकांनी हे विमान पाहू नये, पाहिलं तरी कुणाचा विश्वास बसू नये, म्हणून ते गोरिलाचा मुखवटा, टोपी आणि सिगार घेऊन त्यांच्या शेजारून उडत. प्रोपेलर नसलेलं विमान गोरिला चालवतोय असं छावणीत जाऊन सांगणार कोण? विमान मात्र साधारण निघालं. ताशी ६६५ किलोमीटर. तेवढ्याच काळातलं पिस्टन इंजिनाचं पी-५१ मस्टँग सातशेला पोचत होतं. त्याचा उपयोग वैमानिकांना जेटची सवय करून देण्यापुरता झाला.

मग १९४३मध्ये हवाई दल परत लॉकहीडकडेच आलं. ब्रिटिशांचं गोब्लिन इंजिन मिळणार आहे, त्याभोवती विमान बांधून द्याल का? केली जॉन्सन यांनी १८० दिवसांत देतो असं कबूल केलं. कारखान्याजवळ तंबू ठोकून, दोन डझनांच्या आसपास अभियंते आणि शंभरावर कारागीर घेऊन त्यांनी काम सुरू केलं, आणि १४३ दिवसांत एक्सपी-८० उभं राहिलं. याच मांडवातून पुढे लॉकहीडचा ‘स्कंक वर्क्स’ हा प्रसिद्ध गुप्त विभाग जन्माला आला. तयार विमानात इंजिन पहिल्यांदा पूर्ण वेगाने चालवलं तेव्हा हवेच्या नळीचे पत्रे आत ओढले गेले आणि इंजिन निकामी झालं. दुसरं गोब्लिन ब्रिटनहून यायला काही आठवडे गेले; ते डी हॅव्हिलंड कंपनीने आपल्या स्वतःच्या व्हँपायर विमानासाठी ठेवलेलं काढून दिलं. ८ जानेवारी १९४४ रोजी म्युरॉकवर मायलो बर्चम यांनी एक्सपी-८० उडवलं. ताशी ८०० किलोमीटर. ते विमान कसं होतं? सरळ पंख, नेहमीची शेपटी, ॲल्युमिनियम, पुढे छोटे पंख नाहीत, काही नाही. एल-१३३ काढणाऱ्या माणसांनी दोन वर्षांनी मुद्दाम साधं विमान केलं, आणि म्हणूनच ते १४३ दिवसांत झालं. पण इतक्या लवकर ते करू शकणारे लोक अमेरिकेत दुसरे नव्हते, कारण जेटच्या हवेच्या नळ्या, इंधनाची भूक, वेगाच्या सीमा यांवर त्यांनी कागदावर तीन वर्षं डोकं घासलं होतं. नाकारलेल्या आराखड्याचं चीज इथे झालं. या कामाला माणसांची किंमतही पडली. बर्चम यांचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या विमानाच्या पुढच्या आवृत्तीच्या चाचणीत मृत्यू झाला. अमेरिकेचे सर्वाधिक शत्रुविमानं पाडणारे वैमानिक रिचर्ड बाँग हेही ६ ऑगस्ट १९४५ला, हिरोशिमावर अणुबाँब पडला त्याच दिवशी, बर्बँकजवळ पी-८०च्या अपघातात गेले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एल-१३३ झालं असतं तर युद्ध लवकर संपलं असतं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याचं कारण तो मघाशी बाजूला ठेवलेला तोकडा पल्ला. १९४३ आणि ४४मध्ये अमेरिकेला काय हवं होतं ते पाहा. तिची जड बॉम्बफेकी विमानं इंग्लंडहून जर्मनीच्या पोटात जात होती आणि वाटेत शिकार होत होती. त्यांच्या सोबतीला बर्लिनपर्यंत जाऊन परत येणारं लढाऊ विमान हवं होतं. मर्लिन इंजिन बसवलेलं, पंखाखाली जास्तीच्या इंधनाच्या टाक्या लटकवलेलं मस्टँग ते काम १९४४च्या मार्चपासून करू लागलं आणि जर्मन हवाई दलाचं कंबरडं तिथे मोडलं. इंधन घटाघटा पिणारं, थोड्या अंतराचं जेट हे घर राखणाऱ्याचं शस्त्र होतं. घर राखायची वेळ जर्मनीवर आली होती, म्हणून मेसरश्मिट २६२ तिच्या कामाचं होतं. तीही सुमारे चौदाशे बनली, पण इंधन, वैमानिक आणि इंजिनं यांच्या टंचाईने त्यातली थोडीच लढू शकली. अमेरिकेने युद्धाच्या वर्षांत तीन लाखांच्या घरात विमानं बनवली. ती संख्या, आणि तो पल्ला, यांनी निकाल लावला.

भारतातल्या वाचकाला यात आपलीही गोष्ट दिसावी. एक्सपी-८०ला उडवणारं गोब्लिन इंजिन भारतात आलं ते व्हँपायर विमानातून. १९४८च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय हवाई दलाला मिळालेलं हे पहिलं जेट. पुढे ही विमानं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये बनू लागली. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकाने १९४० साली उभारलेला हा कारखाना. त्यानंतर १९५६ला तिथे कुर्ट टँक आले, जर्मनीच्या फोके-वुल्फ कंपनीचे नावाजलेले रचनाकार. त्यांच्याही नावावर युद्धाच्या शेवटी अर्धवट राहिलेला एक जेट आराखडा होता, टीए-१८३. त्यांच्या हाताखाली आपल्या अभियंत्यांनी एचएफ-२४ मारुत घडवलं आणि १७ जून १९६१ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते उडवलं. विमानाची रचना सुरेख होती, ध्वनीच्या दुप्पट वेगाचं स्वप्न पाहून केलेली. ज्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाच्या वाढीव आवृत्तीवर ते स्वप्न होतं ती आवृत्ती पूर्ण झालीच नाही, आणि ती पूर्ण करण्याचा खर्च आपण उचलला नाही. मारुतला कमी ताकदीचं इंजिन घेऊन आयुष्य काढावं लागलं. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर त्याने जमिनीवरच्या लक्ष्यांवर फार चांगलं काम केलं, पण ज्या वेगासाठी ते घडवलं होतं तो त्याला कधीच मिळाला नाही. १९४२च्या वसंतात अमेरिकी हवाई दलाने प्राइस यांच्या इंजिनाचा खर्च टाळला आणि साठच्या दशकात दिल्लीने ऑर्फियसचा टाळला, या दोन निर्णयांत मला फार अंतर दिसत नाही. कावेरी या देशी जेट इंजिनाचं काम १९८९पासून चाललं आहे आणि तेजस हे आपलं लढाऊ विमान आजही जनरल इलेक्ट्रिकच्या एफ-४०४ इंजिनावर उडतं. ज्या लिनला अमेरिकेचं पहिलं जेट इंजिन १९४२मध्ये गरजलं, तिथल्याच कारखान्याचं हे इंजिन.

एल-१३३च्या माणसांचं पुढे काय झालं, असंही कुणी विचारेल. केली जॉन्सन यांनी यू-२ आणि एसआर-७१ ही टेहळणी विमानं दिली. एसआर-७१चे धडात विरघळणारे पंख पाहून काही जण ते एल-१३३चं नातवंड मानतात. मला ते नातं जरा ओढूनताणून जोडलेलं वाटतं, कारण एसआर-७१चा आकार ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या उष्णतेतून आणि रडारपासून लपण्याच्या गरजेतून आला. विलिस हॉकिन्स सी-१३० हर्क्युलिस या मालवाहू विमानाचे रचनाकार झाले. ते १९५४मध्ये पहिल्यांदा उडालं, अजून बनतं आणि त्याची नवी आवृत्ती आपल्या हवाई दलाकडे आहे.

पाहायला काय मिळेल? एक्सपी-८०चा तो पहिला नमुना, ज्याला कारखान्यातली मंडळी ‘लुलू-बेल’ म्हणत, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान संग्रहालयाकडे जपलेला आहे. एल-१३३ची रेखाचित्रं आणि त्यांवरून नंतर केलेल्या प्रतिकृती एवढंच आहे. पुस्तकांत आणि पडद्यावर अमेरिकी चिन्हं रंगवलेलं, ढगांतून जर्मन विमानांचा पाठलाग करणारं एल-१३३ दिसतं ते चित्रकारांनी मागाहून काढलेलं आहे. कुणी ते युद्धकाळातलं छायाचित्र म्हणून दाखवलं तर मानू नका. त्या विमानाचा एकही सांगाडा कधी बांधला गेला नाही.